तारसुनचा उपास

यू जिनेमचं घर ओढ्याच्या बाजूने खचायला लागलं होतं, म्हणून ते उचलून थोडं वर सरकवायचं ठरलं. बांबूचं घर. गावातले पुरुष खांबाखांबाला लागले, एकदम हुंकारले आणि घर चालायला लागलं. अशा कामाला मजुरी नसते, जेवण असतं. आणि त्या जेवणाला नाही म्हणणं म्हणजे उचललेलं घर मध्येच सोडून देण्यासारखं.

तारसुनने सगळ्यांच्या बरोबरीने खांदा दिला. पण चटईवर भाताची टोपली आली तसा तो उठला, लघवीला जाऊन येतो म्हणाला, आणि केळीच्या बेटामागे जाऊन जो बसला तो भांडी घासायला निघेपर्यंत आलाच नाही.

त्याची बायको दार्सिनी मागच्या चुलीवर तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत होती. यू जिनेम तिच्याजवळ येऊन उकिडवी बसली. गावात आपल्यापेक्षा मोठ्या बाईला यू म्हणतात. जिनेम मोठी होती आणि मोठ्यानेच बोलायची.

“काय गं दार्सी, माझ्या भातात मी उंदराचं औषध घातलंय का?”

“पोट बिघडलंय त्यांचं.”

“मागे बारशाला बिघडलं होतं. त्याआधी मयताला बिघडलं होतं. तुझ्या नवऱ्याचं पोट पंगत बघितली की बिघडतं होय?” मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त अंगणापुरता ठेवून, तिने विचारलं, “तिराकात करतोय ना? सांग की. आम्ही काय परके?”

तिराकात म्हणजे अनुष्ठान. उपास करायचा, झोप मोडायची, जिभेची हौस मारायची आणि बदल्यात वरून काहीतरी मागून घ्यायचं. लुराहची निवडणूक तोंडावर आली होती. गावच्या मुख्याचं ते पद मतांनी मिळतं अशी सरकारची समजूत आहे. गावाला ठाऊक असतं की ते उपासाने मिळतं. पुलुंग नावाचा एक निळसर उजेड आभाळातून ज्याच्या घरावर उतरतो तो लुराह होतो, मतं मागून येतात.

“माडावर चढणारा माणूस लुराह होणार?” दार्सिनी म्हणाली.

“चढायची सवय आहेच की त्याला.”

दार्सिनीला एवढं पक्कं माहीत होतं की हे अनुष्ठान नव्हे. अनुष्ठान करणारा माणूस घरी येऊन चार घास पाण्याच्या जोरावर खाली रेटत नाही. छातीच्या मधोमध मूठ दाबून भिंतीकडे बघत बसत नाही. तारसुन हल्ली आडवा पडून झोपतही नव्हता. भाताच्या गोणीला टेकून, बसल्या बसल्याच डोळा लावायचा. आडवं झालं की खाल्लेलं उलट चालत वर येतं म्हणायचा. त्याच्या खांद्याची हाडं सदऱ्यातून हँगरसारखी दिसायला लागली होती.

तिला पक्कं माहीत नव्हतं ते वेगळंच होतं.

सकाळ-संध्याकाळ तारसुन माडावर चढायचा. कमरेला बांबूची नळकांडी, मागे खोचलेली कोयती. खोडाला पाडलेल्या खाचांत अंगठे रुतवत वर जायचं, माडाच्या फुलोऱ्याचं, पोयीचं, टोक पातळसं कापायचं, भरलेलं नळकांडं उतरवून रिकामं बांधायचं. खाली दार्सिनी ती नीरा घेऊन चुलीवरच्या रुंद कढईत ओतायची आणि गूळ होईपर्यंत ढवळत बसायची. एका सकाळी ती नळकांडी घ्यायला बुंध्याशी गेली, तर गवतात नूडल्सचा पुंजका पडलेला. चावलेल्या, पण जशाच्या तशा. आंबूस वाससुद्धा नाही. मुंग्यांनाही नुकताच सुगावा लागला होता.

दार्सिनीने कित्येक दिवसांत घरी नूडल्स केल्या नव्हत्या. गावात त्या मिळायच्या एकाच ठिकाणी, रस्त्यावरच्या सुर्तीच्या टपरीत. सुर्ती विधवा होती, आणि अंडं फोडून घालताना गिऱ्हाइकाकडे बघून हसायची.

दार्सिनीने पायाने माती ओढून तो पुंजका झाकला. मनात मात्र उघडाच ठेवला.

“कांग, सुर्तीकडे गेला होतात?” तिने तो उतरल्यावर विचारलं. नवऱ्याला ती कांग म्हणायची.

“कोण सुर्ती?”

गावात एकच सुर्ती होती. दार्सिनी नळकांडी उचलून कढईकडे गेली. त्या दिवशीचा गूळ मात्र जरा करपला.

इलाज चालू होते. यू जिनेमने नाण्याने पाठ खरवडून लाल पट्टे काढले. वारं शिरलंय म्हणाली. बरेच पट्टे निघाले, वारं काही निघालं नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने तारसुनच्या पोटाला हात न लावता पित्त आहे असं सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यासुद्धा अडकल्या. पुढच्या खेपेला दुसरी, तरुण डॉक्टरीण होती. तिने तारसुनला बाहेर बसवलं आणि दार्सिनीला आत बोलावलं.

“घरात भांडणं होतात का?”

“नाही.”

“टेन्शन?”

“कुणाला?”

“मिरच्या किती घालता भाजीत?”

“लागतात तेवढ्या.”

डॉक्टरणीने ‘लागतात तेवढ्या’ असं लिहून घेतल्यासारखी मान हलवली. बाहेर आल्यावर तारसुनने विचारलं, “काय म्हणाली?” दार्सिनी म्हणाली, “माझ्या मिरच्यांवर संशय आहे तिचा.” तारसुन हसला नाही. त्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं पोय कापण्याआधी कोयतीच्या धारेकडे बघतात. दार्सिनीला ते तेव्हा विचित्र वाटलं, पण त्या दिवसांत तिला सगळंच विचित्र वाटत होतं.

मग एका संध्याकाळी माडावर त्याला भोवळ आली. तो खोडाला मिठी मारून राहिला. कोयती सुटली आणि दार्सिनीच्या पावलाजवळ जमिनीत रुतून थरथरत उभी राहिली. त्यानंतर डॉक्टरणीने मिरच्यांचा विषय सोडला. पुर्वोकेर्तोच्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली, गळ्यातून कॅमेरा घालून बघायला लागेल म्हणाली, आणि दार्सिनीला हळूच म्हणाली, “गाठबीठ नाही ना, ते बघायला पाहिजे. उशीर करू नका.”

आता प्रश्न न्यायचा होता. तारसुनला मोटारसायकलवर मागे धड बसता येत नव्हतं. उतारावर पोट दबलं की सगळं वर यायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आजाऱ्यांसाठी सरकारने गावाला पांढरी गाडी दिली होती. ती लुराह सुदार्मोच्या अंगणात उभी असायची आणि मुख्यतः लुराहचीच तब्येत राखायची.

दार्सिनी गेली तेव्हा पाक लुराह, म्हणजे सुदार्मोसाहेब, ओसरीवर बसून आपल्या उपासाबद्दल दोघातिघांना सांगत होते. दर सोमवारी आणि गुरुवारी ते उपास करत आणि उरलेल्या दिवशी त्याची भरपाई करत.

“गाडी?” ते म्हणाले. “गाडीचा क्लच गेलाय गं.”

“सकाळी कोंबड्या आल्या ना गाडीतून?”

“तेव्हाच गेला.” सुदार्मोने तिच्याकडे बारीक डोळ्यांनी बघितलं. “नवरा काय म्हणतो? ऐकलं, अजून काही खात नाही. ऐकलं, तुमच्या गुळाच्या खोपटावर उजेड पडला होता.”

“चुलीचा असेल. जाळ असतो आमच्याकडे.”

“निळा?”

“ओली लाकडं होती.”

ओसरीवरचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. दार्सिनीच्या लक्षात आलं की आपण खरं बोलत चाललोय तसतसा उजेड जास्तच निळा होत चाललाय.

“पाक लुराह,” ती म्हणाली, “ते उपास करत नाहीत. त्यांना गिळता येत नाही. खोटं वाटत असेल तर स्वतः वाढून बघा.”

सुदार्मोने विचार केला. अनुष्ठानाला बसलेला माणूस परक्याच्या घरचं शितभर जरी खाईल तरी अनुष्ठान मोडतं. त्याच्या दृष्टीने सौदा चांगला होता.

“परवा माझ्याकडे दुव्याची पंगत आहे,” तो म्हणाला. “पाठव त्याला. सगळ्यांसमोर जेवू दे. मग क्लचचं बघतो.”

तारसुन जायला तयार नव्हता. “पंगतीत उलटी झाली म्हणजे?” तो म्हणाला.

“झाली तर झाली. निदान लोक बघतील तरी.”

“तुला तेच पाहिजे.”

“मला गाडी पाहिजे,” दार्सिनी म्हणाली.

दुव्याच्या दिवशी बायका मागे स्वयंपाकाला होत्या. विणलेल्या बांबूच्या भिंतीला जागोजागी फटी असतात. त्या दिवशी प्रत्येक फटीला एक डोळा होता. दार्सिनीला कोपऱ्यातली फट मिळाली. प्रार्थना झाली. सुदार्मोने स्वतःच्या हाताने तारसुनच्या पानावर भात वाढला, त्यावर कोंबडीची तंगडी ठेवली आणि समोर मांडी घालून बसला.

“घ्या, मास तारसुन.” मास म्हणजे दादा. इतकी वर्षं तो त्याला नुसतं सुन म्हणून हाक मारत आला होता.

तारसुनने कोंबडीचा तुकडा तोडून भातासकट घास घेतला. चावला. खूप वेळ चावला. पाणी प्यायला. आणखी एक घास, आणखी पाणी. सगळी पंगत जेवायची थांबली होती. तिसऱ्या घासाला त्याचा चेहरा बदलला. घरी करायचा तेच त्याने केलं: पाठ ताठ केली, हनुवटी वर उचलली, दोन्ही हात डोक्यावर ताणले आणि श्वास कोंडून धरला. तसं केल्याने कधीकधी घास खाली सरकायचा. दार्सिनीला त्याची सवय होती. पंगतीने मात्र बघितलं की तारसुनने डोळे मिटून दोन्ही हात आभाळाकडे नेले.

“मंत्र म्हणतोय,” दार्सिनीच्या कानाशी यू जिनेम कुजबुजली.

“घास ढकलतायत.”

“तेच ते.”

घास सरकला नाही. तारसुन उठायला गेला तेवढ्यात घास वर आले. लुराहच्या नव्या चटईवर, लुराहच्या गुडघ्यापुढे, भात पडला. पांढरा, शीत न् शीत मोकळं. तारसुन अंगातला सदरा काढून ते पुसायला लागला. त्याच्या उघड्या पाठीचे मणके मोजता येत होते आणि मान इतकी खाली गेली होती की दार्सिनीने फटीवरचा डोळा काढून घेतला. गाडी नको, काही नको, असं तिला एक क्षण वाटलं.

आत एम्बाह मार्ता, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, वाकून त्या भाताचा वास घेत होता.

“वास नाही,” तो म्हणाला. “माणसाच्या पोटात गेलेलं आंबट व्हायला पाहिजे. हे पोटात गेलंच नाही.”

“मग कुठे गेलं?” कुणीतरी विचारलं.

“कुठेच गेलं नाही. याच्या अंगाने घेतलंच नाही.” म्हाताऱ्याने सुदार्मोकडे बघितलं. “तुझा भात परत केला त्याने.”

एम्बाह मार्ताने नकळत जे निदान केलं होतं तिथवर पोचायला डॉक्टरांना अजून अवकाश होता. पण पंगतीत ते निदान म्हणून कुणी ऐकलं नाही. सुदार्मोचा चेहरा तर पडलेल्या भातापेक्षा पांढरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पांढरी गाडी तारसुनच्या दारात उभी राहिली. ड्रायव्हर गितो खाली उतरून दार उघडून धरून उभा. “पाक लुराहनी सांगितलंय, सावकाश नीट बरे होऊन या. मतदान होईपर्यंत गावाची काळजी करू नका.”

“आणि क्लच?” दार्सिनीने विचारलं.

“तो कालच सुधारला,” गितो म्हणाला.

यू जिनेमच्या नवऱ्याने अर्ध्या वाट्याने माड सांभाळायचं कबूल केलं. दार्सिनीचा त्याच्यावर विश्वास नव्हता, पण पोयी थांबत नाहीत.

रुग्णालयात तारसुनला उभं करून खडूसारखं पांढरं पाणी पाजलं आणि ते उतरताना फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घातला. कॅमेरा जाण्याआधी त्याच्या छातीतून जे काढलं त्यात लुराहच्या कोंबडीचा तुकडा होता, नर्सने विचारलं, “हे कधी खाल्लं होतं?” आणि तारीख ऐकून ती दुसऱ्या नर्सला बोलवायला गेली. दार्सिनी बाकावर बसून होती. तिला दर खेपेला कागद पुढे करून सही कर म्हणत होते, ती आधी विचारायची, “कशाची?” आणि उत्तर पटेपर्यंत पेन हातात घ्यायची नाही.

डॉक्टर वयस्क होता, पायात घरातल्या सपाता. त्याने फोटो उजेडावर धरला. वर फुगलेली पिशवी, आणि खाली एकदम निमुळती होत गेलेली, पक्ष्याच्या चोचीसारखी.

“गाठ नाही,” तो आधी म्हणाला. दार्सिनीने तेवढंच ऐकलं. पुढचं त्याला पुन्हा सांगावं लागलं. “अन्ननलिकेच्या तळाला एक झडप असते. घास आला की सैल पडते. यांची पडत नाही. शिवाय नळीला घास खाली ढकलताही येत नाही. म्हणून अन्न वरच साचतं, पोटात पोचतच नाही. अकॅलेझिया म्हणतात. लाखात एखाद्याला होतं.”

तारसुन बराच वेळ चोचीकडे बघत होता. “जेवणात कुणी काही घातल्याने होतं का हे?”

“काय घातल्याने?”

“काही. करणीचं.”

“नाही. कुणी काही घालून किंवा करून हे होत नाही. तिथल्या नसा मरतात.”

“का मरतात?”

“ते आम्हालाही नीट ठाऊक नाही.”

आतापर्यंत भेटलेल्या सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ते पित्त होतं. हा पहिलाच होता ज्याला काहीतरी ठाऊक नव्हतं. दार्सिनी खुर्ची पुढे ओढून बसली. “मग आता करायचं काय?”

“गोळ्या आहेत, पण त्यांचा फारसा उपयोग नाही. दुसरं म्हणजे, आत फुगा घालून झडप ताणायची. इथेच करू, लवकर घरी जाल. पण क्वचित नळी फाटते, आणि काही वर्षांनी पुन्हा ताणायला लागू शकतं. तिसरं, ऑपरेशन. पोटाला लहान भोकं पाडून झडपेचा स्नायू कापायचा. ते योग्यकार्ताला. जास्त टिकतं. पण मग झडप मोकळी राहते, पोटातलं आंबट वर येतं, त्याची गोळी घ्यायला लागेल.”

“म्हणजे पित्त शेवटी होणारच,” दार्सिनी म्हणाली.

“होऊ शकतं,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाला. “आणि हे लक्षात ठेवा, नळी पुन्हा ढकलायला शिकणार नाही. फक्त दार उघडेल. घास आपल्या वजनाने उतरेल. ताठ बसून, पाण्यासोबत, हळू खायचं. जन्मभर. माडावर चढणं बरेच आठवडे बंद. विचार करून सांगा.”

बाहेर आल्यावर दार्सिनी जिन्याजवळ थांबली.

“करणीचं म्हणजे काय, कांग?”

तारसुनने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “पहिल्यांदा घरीच अडकला होता ना घास.”

“मग?”

“म्हणून सुर्तीकडे खाऊन बघितलं. तिथे उतरतो का.”

“आणि?”

“तिथेही अडकला.”

“मग कळलं ना, की माझ्या भातात काही नाही?”

“नाही,” तारसुन प्रामाणिकपणे म्हणाला. “मला वाटलं, तुझी करणी पक्की आहे.”

एक माणूस ढकलखुर्ची घेऊन आला, त्याला वाट द्यायला दोघं भिंतीला चिकटली. दार्सिनीला आठवलं, ही एवढी पाळत तीही ठेवून होती. मातीखालच्या नूडल्सवर तिने किती गूळ करपवला होता. दोघं एकमेकांच्या मागावर राहिली आणि चोर त्याच्या छातीत आरामात बसून जेवत होता. तिला हसू आलं नाही. “मी कशाला करणी करू तुझ्यावर?” ती म्हणाली, ‘तुम्ही’ गळून पडलं होतं. “काय आहे तुझ्याकडे? दुसऱ्याच्या माडावर टांगलेली नळकांडी?”

“तेच मला समजत नव्हतं,” तारसुन म्हणाला. मग पिशवी खाली ठेवून, “फुगाच घालू या. पोयी सुकतील नाहीतर.”

“ऑपरेशन.”

“योग्यकार्ता लांब आहे.”

“फुगा काही वर्षांनी दगा देईल. घास परत अडकेल. आणि तू परत माझ्या भातात शोधायला लागशील.” ती वळून डॉक्टरच्या खोलीकडे चालायला लागली. “ऑपरेशन. कुठे सही करायची ते विचारते.”

गितोने फोनवर लुराहला कळवलं. लुराहला फार आनंद झाला. योग्यकार्ता पुर्वोकेर्तोहून बरंच लांब होतं. “मोठंच करून घ्या म्हणतात,” गितो सांगायला आला, “गाडीतून मीच नेतो तुम्हाला.”

ऑपरेशन झालं. तारसुनला आधी पाणी दिलं, मग पेज, मग खिमट. प्रत्येक घोटाला दार्सिनी खाटेशी उभी राहून त्याच्या गळ्यापासून छातीपर्यंत नजर खाली उतरवत न्यायची, जणू तिने नेला नाही तर तो घोट वाट चुकेल. तो म्हणायचा, “बस ना.” ती बसायची नाही. डॉक्टर म्हणाले उतरतंय, नर्स म्हणाली उतरतंय, फोटोत दिसलं उतरलेलं. दार्सिनीने तिघांचंही ऐकून घेतलं.

ते परतले तोवर मतदान उरकलं होतं. सुदार्मो पुन्हा लुराह झाला होता. समोर उभ्या राहिलेल्या उमेदवाराला हरवल्याचं त्याला विशेष वाटत नव्हतं. न उभ्या राहिलेल्याला हरवल्याचं वाटत होतं. तारसुन खायला लागल्याचं कळल्यावर यू जिनेम म्हणाली, अनुष्ठान फळाला आलं. काय फळ मिळालं ते कुणाला सांगता येईना, तेव्हा ते गुप्त असणार असं ठरलं, आणि लॉटरीचा आकडा विचारायला दोघं येऊन गेले.

तारसुन माडावर जात नव्हता. यू जिनेमचा नवरा नीरा आणून द्यायचा, थोडी कमीच, असा दार्सिनीला संशय होता. तारसुन चुलीपाशी ताठ बसून लाकडं सारायचा. ती ढवळायची. जेवताना मात्र ती ढवळणं सोडून त्याच्याकडे बघत बसायची, आणि तिच्या पानातला भात गार व्हायचा.

एका संध्याकाळी तिने कढईतल्या दाट झालेल्या पाकात उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचे तुकडे बुडवून त्याच्या ताटलीत काढले. त्याने एक तोंडात टाकला. चावला. आणि थांबला. त्याचे डोळे मोठे झाले, पाण्याने भरले. हात हवेत तसाच राहिला.

दार्सिनीच्या हातातला डाव थांबला. कढईत फेस वर यायला लागला होता. तो तिला दिसत होता, पण ती हलली नाही.

“कांग?”

त्याने मान हलवली.

“अडकला?”

तारसुनने तोंड उघडून हवा आत ओढली, घास या गालातून त्या गालात नेला, डोळे पुसले. मग गिळला.

“गरम आहे,” तो म्हणाला.

दार्सिनी इतकी चिडली की पलीकडे यू जिनेमच्या कोंबड्या उडाल्या. “मग फुंकून खा ना!”

तारसुनने दुसरा तुकडा उचलला आणि फुंकायला लागला. फेस कढईच्या काठाला लागला होता. तो तुकडा त्याच्या तोंडात गेला तेव्हा दार्सिनी त्याच्याकडे पाठ करून कढई ढवळत होती.